उजेडानं उघडणारे लायपोसोम: सांगलीतल्या कॉलेज-प्रयोगशाळेसाठी कृती

सांगलीत एम.फार्म.चा किंवा बायोटेक्नॉलॉजीचा प्रकल्प ठरवायची वेळ आली की हळद आपोआप पुढं येते. मार्केट यार्डात सौदे, कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र, २०१८ पासून भौगोलिक मानांकन. एवढं सगळं दाराशी असताना कुणी 'कर्क्युमिनचे प्रकाशनियंत्रित लायपोसोम', म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य भरलेल्या आणि उजेडानं उघडणाऱ्या सूक्ष्म पिशव्या, असा विषय घेऊन आला तर नवल नाही. तरी माझा सल्ला सुरुवातीलाच देऊन टाकतो: कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध पोचवून तिथं ते उजेडानं सोडायचं असेल, तर कर्क्युमिन बाजूला ठेवा. ते ४२० ते ४३० नॅनोमीटरचा निळा-जांभळा उजेड शोषतं आणि हा उजेड शरीरात एखाद्या मिलिमीटरपलीकडं जेमतेम पोचतो. साध्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला बहुतेक कर्क्युमिन अर्ध्या तासात मोडून जातं. शिवाय ते स्वतःच ५०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं, म्हणजे पिशवीतून होणारी गळती मोजायला जो चमकणारा रंग वापरायचा त्याच्याच पट्ट्यात. मग मीटरवरचा आकडा कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पडद्याची, आत पाणी असलेली सूक्ष्म पिशवी. महाराष्ट्राला हा शब्द २०२१ साली चांगलाच ओळखीचा झाला. कोविडमागोमाग म्युकरमायकोसिस आला आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन बी ह्या बुरशीविरोधी औषधाची इंजेक्शनं शोधत नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिनचा लायपोसोम अमेरिकेत १९९५ पासून मान्यताप्राप्त आहे. ही औषधं शरीरात आपल्या चालीनं फिरतात आणि आपल्या चालीनं गळतात. औषध कुठं आणि केव्हा सुटावं हे आपल्या हातात यावं, म्हणून उजेड.

इथं एक गल्लत नेहमी होते. व्हिस्युडाइन हे डोळ्याच्या पडद्याच्या आजारावरचं औषध लायपोसोममध्ये असतं आणि त्याच्यावर ६८९ नॅनोमीटरचा लेझर टाकतात. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. पण तिथं लायपोसोम फक्त वाहक आहे. उजेड पिशवी उघडत नाही, तो थेट औषधावर काम करतो. उजेडानं उघडणारा लायपोसोम औषध म्हणून बाजारात आलेला नाही. तेव्हा खालची सगळी कृती प्रयोगशाळेपुरती आहे. घरात कुणाला कॅन्सर असेल तर ह्या लेखात त्यांच्यासाठी उपचार नाही.

उजेड नेमकं काय करणार, हे आधी ठरवा

पडदा उघडायचे मार्ग अनेक आहेत. ॲझोबेन्झीन जोडलेला स्निग्ध रेणू ३६५ नॅनोमीटरला वाकतो आणि निळ्या उजेडात परत सरळ होतो. दार उघडझाप करू शकतं, पण अतिनील किरण पेशींना घातक आणि खोलवर जात नाहीत. सोन्याचे नॅनोकण किंवा इंडोसायनिन ग्रीन हा रंग सुमारे ८०० नॅनोमीटरला तापतात. शेजारचा पडदा डीपीपीसी ह्या स्निग्ध रेणूचा असेल तर तो ४१ अंशांना विरघळल्यासारखा सैल होतो. उजेडानं तुटणारे रासायनिक बंधही आहेत, त्यांचं संश्लेषण कॉलेजात अवघड. उरतो तो मार्ग मी सुचवतो: पडद्यात प्रकाशसंवेदी रेणू बसवायचा, लाल उजेडात त्यानं ऑक्सिजनला चेतवायचं, आणि पडद्यातल्या असंतृप्त साखळ्या ऑक्सिडाइझ होऊन पडदा गळायला लागला पाहिजे.

साहित्य मिळण्याजोगं आहे. पडद्यासाठी सोयाबीनचं शुद्ध फॉस्फॅटिडिलकोलीन (म्हणजे शुद्ध लेसिथिन) आणि कोलेस्टेरॉल, आणि प्रकाशसंवेदी रेणू म्हणून फिओफॉर्बाइड ए. हे फिओफॉर्बाइड हरितद्रव्यापासून मिळतं, ६६५ ते ६७० नॅनोमीटरला शोषतं आणि तेलकट असल्यानं पडद्यात बसतं. क्लोरिन ई६ हा दुसरा संवेदी रेणू स्वस्त पडतो, पण त्याच्यावर तीन कार्बोक्सिल गट असल्यानं त्याचा बराच भाग पाण्यात निसटतो. हा फरक किरकोळ नाही. २०१८ साली ब्राझीलमधल्या गटानं दाखवलं की पडद्याला गळती लागते ती संवेदी रेणू स्निग्ध साखळीला प्रत्यक्ष भिडल्यावर. नुसता दूर तयार झालेला सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे चेतवलेला ऑक्सिजन, तेवढं करत नाही. म्हणून रेणू पडद्यातच हवा.

आणि सोया लेसिथिन बेकरीच्या दुकानातलं घेऊ नका. किमान ९५ टक्के शुद्ध, नायट्रोजनखाली सीलबंद, उणे २० अंशांना ठेवलेलं घ्या. आधीच खवट झालेल्या लेसिथिनचा पडदा अंधारातच गळतो.

हिशेब

फॉस्फॅटिडिलकोलीन ३० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३९ मायक्रोमोल. कोलेस्टेरॉल ८ मिलिग्रॅम, म्हणजे २१ मायक्रोमोल. एकूण ६० मायक्रोमोल. फिओफॉर्बाइड त्याच्या अर्धा टक्का, ०.३ मायक्रोमोल, वजनात ०.१८ मिलिग्रॅम. एवढं तराजूवर मोजता येत नाही. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण करून त्यातलं १८० मायक्रोलिटर काचेच्या सिरिंजनं घ्या. प्लॅस्टिकची टिप क्लोरोफॉर्ममध्ये घालू नका. फिओफॉर्बाइड जास्त घातलं की जास्त उघडेल, असं वाटतं. पण रेणू दाटीनं बसले की एकमेकांची ऊर्जा गिळतात आणि उलट काम मंदावतं.

आत औषधाऐवजी भरायचं कॅल्सिन, हा चमकणारा रंग, ६० मिलिमोलर. आत दाटीत असताना त्याची चमक दबलेली राहते आणि बाहेर येऊन पातळ झालं की ते चमकतं. मोजणीचा सगळा खेळ यावर आहे. १० मिलिलिटरसाठी सुमारे ३७४ मिलिग्रॅम लागतं. ते पाण्यात नुसतं विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत पीएच ७.४ ला आणा. मग ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, मोजा आणि बाहेरचा बफर मीठ घालून तेवढाच करा. ऑस्मोमीटर कॉलेजात नसला तर मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो, मिरजेत विचारून पाहा. आत-बाहेर फरक राहिला तर पिशव्या फुगतात किंवा आकसतात आणि उजेडाशिवायच गळतात.

पातळ थर, मग पाणी

दिवे मंद करा, फ्लास्कला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. फिओफॉर्बाइड लाल उजेडाबरोबर ४०० नॅनोमीटरच्या आसपासही जोरात शोषतं, म्हणून ट्यूबलाइटखाली उघडी ठेवलेली बॅच प्रयोगाआधीच अर्धी वापरली गेलेली असते.

५० किंवा १०० मिलिलिटरच्या गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये सगळं क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ मध्ये एकत्र करा आणि ३५ ते ४० अंशांना रोटरी इव्हॅपोरेटरवर फिरवा. बुडाशी एकसारखा, हिरवट-तपकिरी काच चढल्यासारखा थर दिसायला हवा. ठिपके किंवा धागे दिसले तर व्हॅक्यूम घाईनं ओढला गेलाय. थोडं क्लोरोफॉर्म घालून पुन्हा करा. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या नळाचं पाणी कंडेन्सरला पुरत नाही, बर्फाचं पाणी फिरवा, नाहीतर क्लोरोफॉर्म थेट पंपात आणि तिथून खोलीत जातं. थर दिसायला कोरडा झाला म्हणून थांबू नका. व्हॅक्यूम पंपावर आणखी किमान दोन तास, शक्यतो रात्रभर. उरलेलं क्लोरोफॉर्म पडदा भोकं पाडल्यासारखा करतं.

सकाळी ३ मिलिलिटर कॅल्सिन घालून हलक्या हातानं फिरवा. सोया फॉस्फॅटिडिलकोलीन खोलीच्या तापमानालाही द्रवरूपच असतं, त्यामुळं तापवायची गरज नाही. अर्ध्या तासात दुधट द्रव तयार होतो. यात पिशवीत पिशवी, त्यात पिशवी असते. तेव्हा द्रव नायट्रोजन आणि कोमट पाणी यांत पाच वेळा गोठवा-वितळवा. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न इथं पडत नाही. जनावरांचं कृत्रिम रेतन करणारी मंडळी जिल्हाभर त्याचे कंटेनर बाळगून असतात. फक्त चष्मा आणि जाड हातमोजे घाला, आणि बंद खोलीत ओतू नका.

नंतर एक्स्ट्रूडर, म्हणजे दोन सिरिंजांमध्ये द्रव बारीक छिद्रांतून ढकलायचं साधन. आधी २०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून पाच वेळा, मग १०० नॅनोमीटरमधून एकवीस वेळा. संख्या विषम ठेवा, म्हणजे शेवटी द्रव पलीकडच्या स्वच्छ सिरिंजमध्ये राहतो आणि न गाळलेले मोठे तुकडे अलीकडं राहतात. एक्स्ट्रूडर नसला की प्रोब सोनिकेटरकडं, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव फोडणाऱ्या दांडीकडं, हात जातो. निदान ह्या प्रयोगात तो टाळा. टायटॅनियमचे कण पडतात, द्रव तापतो, आणि ज्या ऑक्सिडेशनसाठी उजेडाची वाट बघायची तेच आधी सुरू होतं.

बाहेर राहिलेलं कॅल्सिन काढायला सेफाडेक्स जी-५० ह्या सच्छिद्र मण्यांचा स्तंभ (मोठे कण आधी आणि लहान रेणू मागून सोडणारा), २० ते २५ सेंटिमीटर उंच, जुळवलेल्या बफरनं भिजवलेला. लायपोसोम आधी उतरतात, धुरकट पट्टा दिसतो. मागून भडक केशरी-पिवळं मोकळं कॅल्सिन रेंगाळत येतं. दोन पट्ट्यांमधला भाग सोडून द्या. उतारा कमी मिळाला तरी चालेल.

उजेडाआधी अंधार

ह्या विषयावर वाचायला बसलं तर 'उजेड टाकला, औषध सुटलं' अशीच चित्रं दिसतात. कामाचा कस मात्र अंधारात लागतो. गळकं मडकं उन्हात ठेवून 'उन्हानं पाणी सुटलं' म्हणण्यात अर्थ नाही.

आधी डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर, म्हणजे विखुरलेल्या उजेडावरून कण मोजणाऱ्या यंत्रावर, आकार बघा: १०० ते १३० नॅनोमीटरच्या दरम्यान, आणि पीडीआय, म्हणजे आकारांतली तफावत, ०.२ च्या खाली. यंत्र जवळ नसेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आधी फोन करून चौकशी करा, आणि नमुना फॉइलमध्ये, थंड पेटीत न्या. गोठवू मात्र नका.

मग थोडा नमुना पातळ करून चमक मोजा, ४९० नॅनोमीटरला उत्तेजन आणि ५१५ ला वाचन. त्यात ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य घाला, शेवटी ०.१ टक्का होईल इतकं. पिशव्या फुटतात आणि चमक कित्येक पटींनी वर जायला हवी. जेमतेम दुप्पट झाली तर कॅल्सिन आत दाटीत नाहीच. स्तंभ पुन्हा करा किंवा बॅच टाकून द्या.

आता २४ तास अंधारात, ३७ अंशांना. एक नमुना बफरमध्ये, एक १० टक्के सीरममध्ये. बफरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त गळलं तर मी पुढं जाऊ देत नाही. हा माझा दंडक आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. सीरममध्ये गळती जास्त येणारच, कारण तिथली प्रथिनं पडद्याशी झोंबतात. खूपच जास्त आली तर कोलेस्टेरॉल वाढवून ४० मोल टक्क्यांपर्यंत न्या. त्यानं पडदा घट्ट होतो, आणि उजेडात उघडायलाही थोडा हट्टी होतो. हा सौदा प्रत्येकाला आपापला करावा लागतो.

दिवा

६६० नॅनोमीटरचे एलईडी आता नर्सरी आणि टिश्यू कल्चरवाल्यांकडं असतात, त्यामुळं लेझरसाठी अडून बसू नका. स्थिर करंट देणारा ड्रायव्हर लावा आणि सगळं यूपीएसवर ठेवा. व्होल्टेज हललं की मात्रा हलते.

मात्रा मोजायला लक्समीटर चालत नाही. तो माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेनुसार मोजतो आणि ६६० ला डोळा जवळपास आंधळा असतो, म्हणून आकडा फसवा येतो. ऑप्टिकल पॉवर मीटर हवा, तोही क्युव्हेटच्या, म्हणजे नमुन्याच्या चौकोनी पारदर्शक नळीच्याच, जागी धरून. समजा तिथं ५० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर मिळाले आणि १० मिनिटं उजेड दिला. ०.०५ गुणिले ६०० सेकंद, म्हणजे ३० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. तुलनेसाठी, व्हिस्युडाइनला ६०० मिलिवॅटनं ८३ सेकंदांत ५० ज्यूल देतात. वहीत दोन्ही आकडे लिहा, तीव्रता आणि वेळ. नुसतं '१० मिनिटं लाल उजेड' असं लिहिलेला प्रयोग दुसऱ्याला करता येत नाही.

क्युव्हेटमध्ये बारीक थर्मोकपल सोडा. तापमान दोन अंशांपेक्षा जास्त चढत असेल तर पंखा लावा किंवा दिवा दूर घ्या.

मोजणी, आणि शंकेखोर नळ्या

०, १, २, ५, १०, १५ मिनिटांना दिवा बंद करून चमक वाचा. वाचताना लागणारा निळा उजेडही फिओफॉर्बाइडला थोडा लागतो, म्हणून स्लिट अरुंद आणि वाचन क्षणभर. शेवटी ट्रायटन. सुरुवातीची चमक वजा करून हिशेब करायचा: सुरुवातीला १२०, दहा मिनिटांनी ४८०, ट्रायटननंतर ९२०, तर ३६० भागिले ८००, म्हणजे ४५ टक्के. ट्रायटन घातल्यानं आकारमान वाढलं असेल तर तेवढी दुरुस्ती आधी करा.

हा ४५ चा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. शेजारी नळ्या लागतात. फिओफॉर्बाइड असलेली पण अंधारात ठेवलेली. ती सपाट राहिली पाहिजे. फिओफॉर्बाइडशिवायची, उजेडात, तीही सपाट. ती चढली तर दिवा तापवतोय किंवा लेसिथिन खवट आहे. तिसरी, फिओफॉर्बाइडसह अंधारात, पण दिव्याखाली जितकं तापमान चढलं तितक्याच गरम पाण्यात. उष्णतेचा संशय इथं मिटतो. चौथीत नायट्रोजन वीस मिनिटं बुडबुडवून ऑक्सिजन हाकलायचा आणि मग उजेड द्यायचा. इथं सुटणं बरंच कमी व्हायला हवं. कमी झालं नाही, तर तुमचा पडदा ऑक्सिडेशननं उघडतोय हे म्हणणं मागं घ्या, आकडा कितीही देखणा असो. पाचवी बहुतेक जण विसरतात: मोकळं, पातळ कॅल्सिन आणि त्यात रिकामे फिओफॉर्बाइडचे लायपोसोम, उजेडात. कॅल्सिन स्वतःच फिकं पडत असेल तर तुमचे टक्के खोटे कमी दिसतात, आणि किती कमी ते ही नळी सांगते.

सगळं तीन वेगवेगळ्या बॅचेसवर. एकाच बॅचच्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. परीक्षक हे विचारतातच.

उजेड बंद केल्यावर अर्धा तास वाचन चालू ठेवा. काही वेळा गळती पुढं वाढत राहते, कारण ऑक्सिडाइझ झालेला पडदा परत जुळत नाही. हे दार एकदाच उघडणारं आहे. उघडझाप हवी असेल तर ॲझोबेन्झीनकडं वळावं लागेल.

पेशींवर जाताना

पेशींच्या ओळी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी) पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मागवता येतात. कॅल्सिनच्या जागी डॉक्सोरुबिसिन येतं, आणि त्याबरोबर लिपिडही, म्हणजे पडद्याचा स्निग्ध रेणूही, बदलावं लागतं; सोयाचा सैल पडदा हे औषध नीट धरून ठेवत नाही. डीएसपीसी ह्या संतृप्त लिपिडचा पडदा, पेग हा पॉलिमर लावलेलं थोडं लिपिड, आत २५० मिलिमोलर अमोनियम सल्फेट. बाहेरचं सल्फेट काढून टाकलं की डॉक्सोरुबिसिन आपणहून आत जातं आणि तिथं स्फटिकासारखं अडकतं. हे सगळं ६० अंशांच्या आसपास करायचं, कारण डीएसपीसी ५५ अंशांपर्यंत गोठलेलंच असतं. पण संतृप्त पडदा ऑक्सिडाइझ होत नाही, मग उघडणार कसा? अमेरिकेत बफेलो इथल्या गटानं २०१६ साली याचं उत्तर दिलं: पॉर्फिरिन जोडलेला स्निग्ध रेणू, आणि जोडीला अगदी थोडं असंतृप्त डीओपीसी. तेवढ्यानं औषध झपाट्यानं सुटतं. डॉक्सोरुबिसिन विषारी आहे. जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये काम, दुहेरी हातमोजे, आणि कचरा वेगळा.

इथला मोठा सापळा असा की प्रकाशसंवेदी रेणू आणि उजेड मिळून पेशी मारतातच, औषध असो वा नसो. म्हणून औषध नसलेले संवेदी लायपोसोम आणि उजेड हा गट हवाच. शिवाय औषधासह पण अंधारात, मोकळं डॉक्सोरुबिसिन, आणि नुसता उजेड. औषधासह उजेडातला गट ह्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट वेगळा दिसला, तरच सुटलेल्या औषधाचं श्रेय घ्या. डॉक्सोरुबिसिन ४८० नॅनोमीटरला उत्तेजित करून ५९० ला लाल चमकतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते केंद्रकात शिरलेलं दिसलं तर तो एमटीटीच्या, म्हणजे जिवंत पेशी मोजणाऱ्या चाचणीच्या, आकड्यापेक्षा बोलका पुरावा.

गाठ: कुठली निवडायची

६०० नॅनोमीटरच्या खाली रक्तातलं हिमोग्लोबिन उजेड गिळतं, ९०० च्या वर पाणी. मधल्या खिडकीतला लाल उजेडही काही मिलिमीटरांतच झपाट्यानं विरतो. यकृतातल्या गाठीवर बाहेरून दिवा धरून काही होत नाही; तिथं ऑप्टिकल फायबर आत न्यावी लागते. म्हणून आपल्याकडं ह्या पद्धतीचा विचार करायचा तर तोंडाचा करावा. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी गालाच्या आतल्या त्वचेवर आणि जिभेच्या कडेला होणारे चट्टे आणि गाठी वरवर असतात, डोळ्यांना दिसतात आणि दिवा तिथं सहज पोचतो. लायपोसोम गाठीत साचतात ते तिथल्या गळक्या रक्तवाहिन्यांतून, असं १९८६ पासून मानलं जातं. उंदरांत ते ठळक दिसतं, माणसांत गाठीगाठीला बदलतं. उंदरांवर जायचं तर महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी आधी, लायपोसोम नंतर.

त्याच्याआधी एक स्वस्त प्रयोग मंजुरीशिवाय करता येतो. मटणाच्या दुकानातून बोकडाच्या गालाचं ताजं मांस आणा, २, ४ आणि ६ मिलिमीटर जाडीचे काप करा, आणि दिवा व क्युव्हेट यांच्यामध्ये काचेच्या दोन पट्ट्यांत धरून प्रत्येक जाडीमागं पॉवर मीटर वाचा. ५० पैकी ५ मिलिवॅट उरले तर तेच ३० ज्यूल द्यायला १० मिनिटांऐवजी १०० मिनिटं लागतील; तेवढा वेळ तोंड उघडं धरून कोण बसणार, हा प्रश्न तिथंच समोर येतो. मग तेच काप मध्ये ठेवून कॅल्सिनचं सुटणं मोजा. कापलेल्या मांसातलं रक्त वाहून गेलेलं असतं, म्हणून जिवंत गालातून उजेड याहून कमीच जाईल. तक्त्याखाली तेवढी एक ओळ जरूर लिहा.